दहावीनंतरची वाट



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मुलांना दहावीच्या उंबरठ्यापर्यंत आणून पोचविले. त्या उंबरठ्यापलीकडे कोणती वाट धरावी, हा आजचा माझा विषय आहे. मराठीच्या प्राध्यापकाने साहित्यावर बोलावे, ही अपेक्षा स्वाभाविक होय. परंतु जूनमध्ये घरोघर ज्या प्रश्नाने पालकांची झोप उडते, त्याला बगल देणे मला प्रशस्त वाटत नाही.

आपला जोयडा तालुका अरण्याचा आणि विरळ वस्तीचा. काळी नदीवरील धरणाच्या पाण्यात जुने सुपे गाव गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले आणि अनेक कुटुंबांनी रामनगरात नव्याने संसार मांडले. ज्यांची जमीन गेली, त्यांना मुलांचे शिक्षण हीच पुढची स्थावर मिळकत उरली. त्यामुळे येथे अभ्यासक्रमाची निवड हा केवळ हौसेचा विषय राहत नाही.

ही निवड आपण कशी करतो? गुण अधिक असतील तर विज्ञान, मध्यम असतील तर वाणिज्य, आणि उरलेल्यांना कला, असा एक अलिखित वर्णक्रमच आपण लावून ठेवला आहे. मुलींच्या बाबतीत त्यात आणखी एक अट येते: महाविद्यालय घराजवळ हवे. मग गणितात उत्तम गुण मिळविणारी मुलगी, विज्ञान शिकण्यासाठी वसतिगृहात राहावे लागेल एवढ्याच कारणाने दुसऱ्या शाखेत जाते. तिचा कल कोणी विचारीत नाही.

येथे एक व्यावहारिक सत्य ध्यानी घ्यावे. काही दारे एकाच बाजूने उघडतात. पी.यू.सी.ला विज्ञान घेतलेला विद्यार्थी पुढे कला, वाणिज्य वा कायद्याकडे वळू शकतो. परंतु कला शाखेतून अभियांत्रिकीकडे वा वैद्यकाकडे वळावयाचे तर पुन्हा प्रारंभापासून आरंभ करावा लागतो. विज्ञानातही, गणित आणि जीवशास्त्र हे दोन्ही विषय घेतले तर दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. याउलट, आय.टी.आय. ही वाट तेथेच संपते, असा जो समज आहे तो खरा नव्हे. दोन वर्षांचा आय.टी.आय. पूर्ण केलेल्यास तंत्रनिकेतनाच्या द्वितीय वर्षात, आणि पदविकाधारकास अभियांत्रिकीच्या द्वितीय वर्षात प्रवेश घेण्याची सोय आहे. शिडी लांब आहे, पण तिच्या पायऱ्या तुटलेल्या नाहीत.

आणखी एक गोष्ट. कर्नाटकात व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात, पहिली ते दहावी ग्रामीण भागात शिकलेल्यांसाठी १५ टक्के, आणि तीच दहा वर्षे कन्नड माध्यमातून शिकलेल्यांसाठी ५ टक्के जागा, नियमांतील अटींसह, राखीव असतात. आठवीतच मुलाला शहरात धाडणाऱ्या पालकांनी, हाती असलेले काय सोडतो आहोत, याचा हिशेब आधी मांडावा.

कला शाखेविषयी मी बोललो नाही, तर माझ्याच विषयाशी प्रतारणा केल्यासारखे होईल. कला ही उरलेल्यांची शाखा नव्हे. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि भाषा मनापासून शिकणाऱ्यास प्रशासन, कायदा, अध्यापन आणि पत्रकारिता ही क्षेत्रे खुली आहेत. घरी कोकणी वा मराठी, शाळेत कन्नड आणि पुस्तकात इंग्रजी, अशा भाषांत वाढलेले आपले मूल दुबळे नसते. ते संपन्न असते. परंतु ती शाखा त्याने निवडलेली असावी, त्याच्यावर लादलेली नसावी.

म्हणून पालकांनी तीन प्रश्न विचारावेत. या निवडीने पुढची कोणती दारे मिटतात? ज्या महाविद्यालयात जावयाचे, तेथे त्या विषयाचा शिक्षक आणि प्रयोगशाळा प्रत्यक्ष आहेत काय? आणि मूल स्वतः कोणते पुस्तक न सांगता उघडते? पाटीवरील नाव पाहून प्रवेश घेऊ नये. वर्गात डोकावून घ्यावा.

अंकोल्याच्या डॉ. दिनकर देसाई यांनी १९५३ साली कॅनरा वेल्फेअर ट्रस्ट स्थापून या जिल्ह्याच्या गावोगावी शाळा नेल्या. दार गावापर्यंत आणण्याचे काम त्या पिढीने केले. दारातून आत कोणत्या दिशेने जावे, हे सांगण्याचे काम आपले आहे. माजी विद्यार्थ्यांनो, आपल्यापैकी कोणी कारवारला, कोणी बेळगावला, कोणी गोव्यात स्थिरावला आहे. वर्षातून एक दिवस दहावीच्या वर्गासमोर उभे राहा. आपल्या व्यवसायातील कष्ट, खर्च आणि मिळकत न लपविता सांगा. आणि आपल्या शहरात शिकू इच्छिणाऱ्या एखाद्या मुलीसाठी सुरक्षित निवासाची चौकशी करून ठेवा. कित्येकदा एका खोलीअभावी एक शाखा सुटते. गुरुजींचे याहून उचित स्मारक मला दुसरे सुचत नाही.