कुंडीतील झाडे आणि खारींचा उपद्रव

गच्चीवरील कुंड्यांची माती उकरलेली दिसली, बोन्सायच्या बुंध्याशी लावलेले शेवाळ उचकटलेले आढळले किंवा उमलण्याच्या बेतात असलेल्या कळ्या खाली पडलेल्या दिसल्या, की त्याचा दोष सहसा खारीच्या माथी मारला जातो. तो बऱ्याचदा खरा असला तरी नेहमीच खरा नसतो, आणि खारीसाठी योजलेले उपाय उंदराला पुरे पडत नाहीत. म्हणून आधी नासधूस कोणाची याची खात्री करून घेणे इष्ट होय. खार हा दिनचर प्राणी आहे, म्हणजेच तिचा सारा वावर उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा असतो. अंधार पडल्यावर कुंडीतील माती हाताने सारखी करून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी पाहावी; ती रात्रीतून उकरली गेली असेल तर ते काम उंदराचे किंवा घुशीचे समजावे. रामसेतूच्या कथेने खारीला मराठी घरात जे प्रेम मिळवून दिले आहे ते गुलाबाची एक कळी कुरतडली गेली की आटते, त्यामुळे निदान तिने न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा तिला होऊ नये.

महाराष्ट्रात वस्तीच्या आसपास दिसणाऱ्या खारी प्रामुख्याने पाठीवर पाच किंवा तीन पट्टे असणाऱ्या जातींच्या असतात. त्या कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वर्गात मोडतात. या वर्गातील प्राण्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि कुरतडण्यामुळेच ते झिजून मापात राहतात. थंड प्रदेशातील करडी खार हिवाळ्याच्या बेगमीसाठी दाणे मातीत पुरते, आणि परदेशी बागकामाच्या पुस्तकांतील बरेचसे सल्ले तिला समोर ठेवून लिहिलेले असतात. येथील खारीला अन्न बारा महिने मिळत असल्याने तिला तशा मोठ्या साठ्याची निकड नसते. ती कुंडीकडे वळते ती बहुधा कुंडीत माणसाने ठेवलेल्या वस्तूंसाठी, आणि उपायांचा विचार तेथूनच सुरू व्हायला हवा.

या वस्तूंमध्ये शेंगदाण्याची पेंड अग्रभागी आहे. खत म्हणून ती मातीवर नुसती भुरभुरली तर तिचा वास खारीला थेट कुंडीपर्यंत आणतो. तीच पेंड पाण्यात भिजवून, कुजवून, गाळून तिचे पातळ पाणी दिले किंवा तिच्याऐवजी कडवट निंबोळी पेंड मातीत मिसळली, तर हे आमंत्रण बव्हंशी रद्द होते. दुसरे आकर्षण काथ्याचे आहे. टांगत्या कुंड्यांचे काथ्याचे अस्तर आणि वेली चढवण्यासाठी वापरलेल्या काथ्या गुंडाळलेल्या काठ्या यांचे धागे खार घरट्यासाठी ओढून नेते, म्हणून अशा ठिकाणी प्लास्टिकची कुंडी किंवा साधा बांबू वापरावा. उन्हाळ्यात या कारणांत पाण्याची भर पडते, कारण रसरशीत कोंब तहानही भागवतो. त्या दिवसांत गच्चीच्या दुसऱ्या टोकाला पाण्याचे पसरट भांडे ठेवल्याने झाडांवरचा भार काहीसा हलका होतो. पाखरांना दाणे घालण्याची जागा मात्र कुंड्यांपासून दूरच असावी.

बोन्सायला या उपद्रवाची झळ अधिक बसते, कारण त्याची कुंडी उथळ असते आणि अन्नपाणी शोषणारी बारीक तंतुमुळे पृष्ठभागाच्या अगदी जवळ असतात. नुकतीच कुंडी बदललेल्या झाडाची मुळे मातीत रुळण्याआधी उघडी पडली तर झाड दगावू शकते. यावर खात्रीचा उपाय म्हणजे अर्ध्या इंचाच्या चौकोनांची तारेची जाळी कुंडीच्या आकाराची कापून, बुंध्यासाठी तिला एका बाजूने चीर देऊन मातीवर बसवणे आणि तिच्यावर शेवाळ पसरणे. शेवाळ जाळीतून मातीला धरते आणि जाळी काही दिवसांत दिसेनाशी होते. मोठ्या कुंड्यांना इतके सोपस्कार लागत नाहीत, तेथे सुपारीएवढ्या गोट्यांचा थर पुरतो. वड, उंबर किंवा नांद्रुक यांच्या बोन्सायला फळे धरली असतील तर ती पिकण्याआधी खुडावीत अथवा झाड तारेच्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवावे. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी खार सहज कुरतडते.

तिखटाचे पाणी फवारण्याचा उपाय लोकप्रिय आहे, आणि त्यामागे शास्त्रीय आधारही आहे. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य सस्तन प्राण्यांना झोंबते, पक्ष्यांना मात्र त्याची जाणीव होत नाही. परंतु पावसाच्या एका सरीने किंवा झारीच्या पाण्याने ते धुऊन जाते, सतत फवारावे लागते आणि फवारणाऱ्याच्याच डोळ्यांत जाण्याचा धोका असतो. त्यामुळे कळ्या वाचवण्यापुरता चार-आठ दिवसांचा आधार यापलीकडे त्याला महत्त्व देणे योग्य नाही. उंदराचे विष आणि चिकट सापळे तर पूर्णपणे वर्ज्य मानावेत. विष खाल्लेला प्राणी घुबडाने किंवा मांजराने खाल्ला तर तेही बळी पडतात, शिवाय खारीला वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. वापरात नसलेल्या कुंडीत तिचे घरटे आणि पिले आढळली, तर पिले बाहेर पडेपर्यंत ती कुंडी न हलवणेच श्रेयस्कर.

साल कुरतडली गेली असल्यास इजा किती खोल आणि किती रुंद आहे हे पाहावे. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतील थरातून मुळांकडे उतरते, तर मुळांनी घेतलेले पाणी आतील लाकडातून वर चढते. साल एकाच बाजूने गेली असेल तर जखमेच्या कडा धारदार चाकूने जिवंत सालीपर्यंत साफ करून बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण, लावावी. कालांतराने जखम भरून येते. फांदीची साल सभोवार गेली असेल आणि वरची पाने अजून हिरवी असतील, तर खारीने नकळत गुटी कलमाची निम्मी तयारी करून ठेवलेली असते, कारण त्या कलमातही सालीचे असेच कडे काढतात. पावसाळ्याचे दिवस असल्यास उघड्या भागाभोवती, विशेषतः वरच्या कडेशी, ओले शेवाळ गुंडाळून त्यावर प्लास्टिकचा कागद दोन्ही टोकांना घट्ट बांधावा. खाली उतरणारे अन्न त्या कडेशी अडून साठते आणि तेथून मुळे फुटतात. वडाच्या कुळातील झाडांत आणि डाळिंबात हे सहज साधते. कागदातून पांढरी मुळे भरपूर दिसू लागली, की फांदी त्यांच्या खालून कापून स्वतंत्र कुंडीत लावावी आणि पहिले काही आठवडे सावलीत ठेवावी.