गळणे, उकळी आणि नळाची मोटार

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)

 

ज्या व्यासपीठावरून आपण आत्म्याविषयी ऐकतो, तेथून एका कापड व्यापाऱ्याने पिण्याच्या पाण्याविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. ना वैद्य, ना रसायनशास्त्रज्ञ. परंतु पाणी गाळणे हा कापडाचाही विषय आहे आणि कापड मला थोडेफार कळते.

गळणे कसे असावे, याविषयी आपल्या परंपरेत काटेकोर सूचना आहेत. छत्तीस अंगुळे लांब, चोवीस अंगुळे रुंद, दुपदरी आणि इतक्या घट्ट विणीचे की त्यातून सूर्यबिंब दिसू नये. म्हणजे जाड सुती कापड. सूत भिजले की फुगते आणि विणीतील फटी आपोआप आवळल्या जातात. पॉलिएस्टरचा धागा पाणी पीत नाही, म्हणून त्याचे गळणे कितीही सुबक दिसले तरी कामाचे नाही. आपल्या मालेगावच्या मागांवर पॉलिएस्टरही भरपूर विणले जाते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

गळण्यावर उरलेले जीव, म्हणजे जीवाणी, ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत अलगद परत सोडायची. हेतू त्या जीवांच्या रक्षणाचा; पण त्यामुळे माणसेही वाचली. आपल्यातील ज्येष्ठांना नारू आठवत असेल. पायातून हातभर लांबीचा जंत बाहेर पडे आणि माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळे. त्याची पिल्ले पायविहिरीच्या पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या बारीक जीवाच्या पोटात असत आणि तो जीव साध्या कापडाने अडतो. घरोघरी पाणी गाळून पिणे हा नारू निर्मूलनाचा एक प्रमुख उपाय होता. भारतातील शेवटचा रुग्ण 1996 साली आढळला आणि 2000 साली देश नारूमुक्त जाहीर झाला. पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ रीटा कॉलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील मतलब भागातील 65 खेड्यांत जुन्या सुती साडीच्या किमान चार घड्या करून पाणी गाळावयास लावले. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार कॉलरा 48 टक्क्यांनी घटला, कारण त्याचे जंतू ज्या सूक्ष्म जलजीवांना चिकटून राहतात ते साडीवर अडत. नव्यापेक्षा जुनी साडी सरस ठरली. वापराने सुताला लव सुटते आणि छिद्रे बारीक होतात, हे कोणताही कापडवाला सांगेल.

इथवर अभिमानाची गोष्ट झाली. आता अडचणीची.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझ्या घरी एकाच आठवड्यात दोघांना कावीळ झाली. त्यांत माझी सून होती आणि तिला सातवा महिना चालू होता. दूषित पाण्यातून होणारी 'ई' प्रकारची कावीळ गरोदरपणात प्राणघातक ठरू शकते, हे मला तेव्हा प्रथमच कळले. मी डॉक्टरांना काहीशा तोऱ्यात म्हणालो, "आमच्याकडे गाळल्याशिवाय पाण्याचा थेंब कोणी पीत नाही." त्यांनी एवढेच विचारले, "आणि उकळता का?" सतरा दिवस सून रुग्णालयात होती. नात आज शाळेत जाते.

नंतर मी हिशेब मांडला. साडीच्या चार घड्यांतील छिद्र सुमारे 20 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. विषमज्वराचा जंतू त्याच्या दहाव्या हिश्शाहून लहान. काविळीचा विषाणू तर सुमारे सहाशेव्या हिश्शाएवढा. पितळी चाळणीने मैदा अडवावा तसे ते झाले. त्यातून आमचे गळणे म्हणजे तोटीला बांधलेले फडके, जे महिनोन्महिने ओलेच असे. प्रत्येक वेळी धुऊन वाळवण्याचा नियम आम्ही सोयीस्करपणे विसरलो होतो.

पण जंतू आले कोठून? आपल्या शहराला गिरणा धरणातून, तसेच चणकापूरचे पाणी तळवाडे तलावातून मिळते. ते शुद्ध होते, त्यात क्लोरीन मिसळला जातो. नळाशी पोहोचताना तो लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम उरावा, असे मानक आहे. मात्र नळ चोवीस तास वाहत नाही. पाणी बंद असताना वाहिनी रिकामी होते आणि जवळच्या गटारीचे पाणी सांध्यांतून आत झिरपते. त्यात कोणी नळाला थेट मोटार लावली, की वाहिनीत पोकळी निर्माण होऊन ती घाण अक्षरशः ओढली जाते. केवळ आपल्या घरात नव्हे, त्या वाहिनीवरील प्रत्येक घरात.

बंधूंनो, त्या पावसाळ्यात माझ्या नळाला मोटार होती. मुंगी वाचवण्यासाठी वाट वाकडी करणारा मी, शेजाऱ्याच्या घरात काय ओढत होतो, याचा विचार कधी केला नाही. आता नळाचे पाणी स्वतःच्या दाबाने हौदात पडते आणि मोटार हौदातून वर चढवते. खर्च झाला, पण फार नाही. या सभागृहातील किती नळांना थेट मोटारी आहेत, हे मी विचारत नाही.

उपायांबाबत थोडक्यात सांगतो. प्रथम गाळावे, मग खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्यावे. उकळलेल्या पाण्याची मर्यादा उन्हाळ्यात पाच प्रहर, हिवाळ्यात चार आणि पावसाळ्यात तीन, हे श्वेतांबर परंपरेत लहान मूलही जाणते. सर्वांनीच पाळावे असे ते आहे. उकळल्याने क्षार मात्र जात नाहीत. बोअरचे पाणी पिणाऱ्यांनी ते प्रयोगशाळेत तपासून घ्यावे; नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असल्यास ते तान्ह्या बाळाला देऊ नये. अतिनील किरणांचे यंत्र चांगले, पण पाणी गढूळ असेल किंवा वीज गेली तर निरुपयोगी.

आरओ यंत्राबद्दल माझे मत काहींना रुचणार नाही. विक्रेता घरी येऊन मीटर दाखवतो तो टीडीएसचा, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा. जंतू त्या मीटरला दिसतच नाहीत. घरगुती यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण दोन-तीन लिटर नालीत सोडते. टीडीएस 500 पेक्षा कमी असेल तेथे आरओला मनाई करावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये दिले होते. क्षार खरोखरच जास्त असतील तर गोष्ट वेगळी. अन्यथा पाण्यालाच अप्काय जीव मानणाऱ्यांच्या घरात ही नासाडी मला पटत नाही. ज्यांच्याकडे यंत्र आहेच, त्यांनी ते पाणी निदान फरशीसाठी साठवावे.

सभागृहाबाहेर सुती मांजरपाटाची गळणी कापून ठेवली आहेत. प्रत्येक घराने एक न्यावे, मूल्य नाही. कापड कोरे असल्याने त्यात खळ आहे. दोनदा उकळत्या पाण्यातून काढून, उन्हात वाळवून मगच वापरावे.

जय जिनेन्द्र.