शेठ प्रेमचंद रायचंद : बुडालेली दौलत आणि उरलेलें दान



वऱ्हाडच्या कापसाला एकदां सोन्याचा भाव आला, तो सातासमुद्रांपलीकडील युद्धामुळें. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी पेटली, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि कापसावांचून अडलेल्या इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानाकडे वळल्या. मुंबईंत पैशाचा पूर लोटला.

या पुरांत सर्वांत उंच चढले ते शेठ प्रेमचंद रायचंद. १८३१ सालीं सुरतेस जन्मलेला हा दलाल पेढ्यांचा व कंपन्यांचा सूत्रधार बनला. त्यांच्या वजनामुळें बँक ऑफ बॉम्बेनें शेअरांच्या तारणावर मोठमोठीं कर्जें दिलीं.

याच भरतींत, १८६४ सालीं, त्यांनीं मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठीं दोन लाख आणि मनोऱ्यासाठीं दोन लाख रुपये दिले. मनोऱ्यास मातोश्री राजाबाईंचें नांव द्यावें, अशी त्यांची इच्छा होती.

१८६५ च्या एप्रिलमध्यें दक्षिणेचा सेनापति ली शरण गेला आणि कापूस कोसळला. १ जुलै रोजीं वायदे चुकते करण्याचा दिवस उजाडला, तेव्हां असंख्य घरें धुळीस मिळालीं. शेठजींची अपार दौलत वाहून गेली. पुढें ती बँकही मोडली. येथें त्यांचा दोष झांकूं नये. कित्येकांनीं पैसा लावला होता, तो त्यांच्याच नांवावर विसंबून.

परंतु विद्यापीठास दिलेला पैसा बुडाला नाहीं. १८७८ सालीं राजाबाई मनोरा पुरा झाला. १९०६ सालीं शेठजी निवर्तले; मनोरा आजहि उभा आहे.

तेजीच्या वर्षीं गांवच्या शाळेस चार पैसे देणाऱ्या कास्तकारास हा हिशेब निराळा शिकवावा लागत नाहीं.