देवडीवरील हुकूमनामा

संगणकाची कळ दाबली कीं कांहीं वेळानें पडद्यावर ओळखीचें चित्र उमटतें. या मधल्या अवकाशांत यंत्राला एका प्रश्नाचा निर्णय करावा लागतो : आज कोणत्या कार्यप्रणालीच्या आज्ञेनें चालावयाचें? एका यंत्रांत दोन प्रणाली नांदूं लागल्या, म्हणजे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

१९९१ सालीं ॲपल, आयबीएम व मोटोरोला यांनीं एकत्र येऊन पॉवरपीसी प्रोसेसरची योजना आंखली; १९९४ मध्यें त्यावर चालणारे पॉवर मॅकिंतोश बाजारांत आले. पुढें २००५ सालीं ॲपलनें इंटेलकडे वळण्याचें जाहीर केलें, आणि २००९ सालची मॅक ओएस एक्स १०.६ ही आवृत्ति पॉवरपीसीवर चालेनाशी झाली. यंत्रें धडधाकट होतीं. खुंटला तो त्यांचा पुढील मार्ग. लिनक्स प्रणालीनें अशा अनेक यंत्रांना दुसरें आयुष्य दिलें.

परंतु हार्ड डिस्कवर लिनक्स उतरविलें म्हणजे काम संपलें असें नाहीं. तें सुरू करण्यासाठीं दर वेळीं ऑप्शनची कळ दाबून धरावी लागली, तर घरांतील जाणत्या माणसावांचून यंत्राचा उपयोग कोणालाच व्हावयाचा नाहीं. म्हणून आरंभ आपोआप होणें अवश्य असतें.

१९९८ च्या आयमॅकपासून पुढील पॉवरपीसी मॅकमध्यें ओपन फर्मवेअर नांवाची मूळ व्यवस्था हें देवडीवरचें काम करते. डिस्कवरील विभागांत एक विशिष्ट खुणेची फाइल ती शोधते, व सांपडेल तिच्या स्वाधीन यंत्र करते. याबूट हा लिनक्सचा आरंभक याच रीतीचा लाभ घेतो. त्याच्यासाठीं सुमारें ८०० किलोबाइटांचा स्वतंत्र विभाग राखतात. त्याचा प्रकार ‘ॲपल बूटस्ट्रॅप’ असा नोंदविल्यास मॅक ओएस त्याला हात लावीत नाहीं.

हा विभाग मॅक ओएसच्या विभागाच्या अगोदर असावा. कारण कमांड, ऑप्शन, पी व आर या कळांनीं यंत्राची जतन केलेली स्मृति पुसली गेली, तर फर्मवेअर आरंभापासून शोध घेऊं लागतें. पहिली खूण याबूटची असली, म्हणजे लिनक्सची वाट बुजत नाहीं.

मुख्य प्रणाली कोणती व किती वेळ थांबावयाचें, हें याबूटच्या लहानशा सूचनापत्रांत लिहितात. तेथें ‘टाइमआउट’चा आंकडा सेकंदाच्या दशांशांत असतो, ५० म्हणजे ५ सेकंद. सूचना बदलल्यावर ‘वायबिन’ हा प्रोग्राम पुन्हां चालवावा लागतो, एरव्हीं बदल कागदावरच राहतो. अलीकडे याबूटच्या जागीं ग्रब आला असला, तरी छोट्या विभागाची ही योजना टिकून आहे.

याच पत्रांत मॅक ओएसचा विभागहि नोंदवावा. मग आरंभीं ‘एक्स’ दाबल्यास जुनी प्रणाली मिळते, ‘एल’ दाबल्यास लिनक्स. कोणीच कांहीं न दाबल्यास ठरविलेली प्रणाली सुरू होते. वाट पाहण्याचे हे सेकंद वांचविण्याच्या मोहानें ते शून्यावर आणूं नयेत. नव्या प्रणालींत बिघाड झाला, तर जुन्या विभागांतील कागदपत्रें व छायाचित्रें यांच्याकडे परतण्याचा सोपा रस्ता त्या अल्प विरामांतूनच जातो.