गळका टप : जोड बुजवू नका, नव्यानं भरा

आजचा विषय आहे गाडीचा गळका टप.

परदेशात कॅरॅव्हॅन म्हणतात तसली गाडी आपल्याकडे क्वचितच दिसते. पण पंढरपुरात तिची बहीण दर आषाढीला येते. दिंडीची बंद बॉडीची गाडी. वारकरी पायी चालतात आणि त्यांचा अडीच आठवड्यांचा संसार या गाडीत असतो. पीठ, तांदूळ, अंथरुणं, मृदंग, वीणा. टप गळला तर पीठ जातं, मृदंगाचं कातडं ओलं होऊन आवाज बसतो आणि रात्री गाडीत झोपलेल्या म्हाताऱ्या माणसांना उठून बसावं लागतं. म्हणून ६५ एकरात उभ्या असलेल्या गाड्यांवर ताडपत्र्या बांधलेल्या दिसतात. ताडपत्री वाईट नाही, पण वाऱ्यानं ती रात्रभर घासत राहते आणि खालचा जोड तसाच कुजतो.

मी बॉडीचं काम करतो. माझं एकच सांगणं आहे. गळतीवर वरून लेप देऊ नका. जोड उघडा, जुनं सगळं काढा, मग भरा.

का, ते आधी समजून घ्या. पत्रा मध्यात सहसा गळत नाही, जोडावर गळतो. चार मीटरचा लोखंडी पत्रा मे महिन्यात दुपारी ६५ अंशांपर्यंत तापला आणि पहाटे २५ वर आला, तर तो जवळजवळ २ मिलिमीटर लांब-आखूड होतो. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर साधारण दुप्पट. शिवाय खड्ड्यांत बॉडी पिळवटते ते वेगळंच. म्हणजे जोड रोज हलतो. त्यात दगडासारखी घट्ट होणारी, मळून लावायची पुट्टी भरली तर ती तडकणारच. डांबर उन्हात ओघळतं आणि जुनं झालं की फुटतं. आणि ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते जस्ताच्या पत्र्याला खातं. त्यावर रंगही धरत नाही.

आता काम. पहिलं, गळती शोधा. थेंब जिथं पडतो तिथंच भोक आहे असं समजू नका. पाणी आतल्या पट्टीवरून चार-चार फूट सरकतं. आतून जोडाच्या कडेनं खडूची जाड रेघ ओढा. एकानं आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून पाइपानं पाणी सोडायचं. खालच्या जोडापासून सुरुवात, प्रत्येक ठिकाणी पाच-सात मिनिटं, मग हळूहळू वर. रेघ जिथं आधी ओली होईल तिथली खूण करा. पाण्याचा फवारा जोरात मारू नका. पावसात जिथं पाणी शिरत नाही तिथंही तो शिरतो आणि आपली दिशाभूल होते.

दुसरं, उघडा. जोडावरची पट्टी असेल तर तिचे स्क्रू काढा. पत्र्यावर पत्रा चढवलेला असेल तर सैल रिव्हेट ड्रिलनं काढा. जुना मसाला पटाशीनं आणि प्लास्टिकच्या पट्टीनं पूर्ण खरवडा. जुन्या सिलिकॉनवर नवीन काहीही चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. गंज तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं काढा, थिनरच्या फडक्यानं पुसा, मग प्रायमर मारा आणि पूर्ण वाळू द्या. फडकं एकदा वापरलं की टाकून द्या, नाहीतर तेच तेल परत पसरतं.

तिसरं, भरा. पट्टीखाली किंवा दोन पत्र्यांच्या मध्ये ब्यूटाइल टेप घाला. ती कायम मऊ राहते, म्हणून हलणाऱ्या जोडाला सोसते. स्क्रू रबरी वॉशर घालून बसवा, पण आवळून टेप पिळून बाहेर काढू नका. मग कडेनं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन सीलंट. गनमधून ६ मिलिमीटरची सलग वात ओढली तर ३१० मिलिलिटरच्या एका नळीत साधारण ३६ फूट होतं. म्हणजे नळ्या किती लागतील ते आधीच मोजता येतं.

वेळ सांगतो. सूर्य कलल्यावर, पत्रा हाताला सोसेल इतका गार झाला की लावा. पीयू हवेतल्या दमटपणानं वाळतं, वरून आत. आपल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत तासाभरात वर साय धरते आणि झालं असं वाटतं, पण आतलं कच्चंच असतं. पाच-सहा दिवस गाडी हलवू नका. नंतर वरून रंगाचा हात द्या, कारण उघडं पीयू उन्हानं भुकटीसारखं होतं.

आतल्या बाजूनं मात्र भरू नका. आतून बुजवलं की थेंब थांबतो, पण पाणी दोन पत्र्यांमध्ये अडकतं. एक-दोन पावसाळ्यांत पत्रा आतून खाल्ला जातो आणि मग सीलंटचं काम राहत नाही, पत्राच बदलावा लागतो.

टपावर चढताना सरळ पत्र्यावर पाय देऊ नका, फळी टाका. आणि वर विजेची तार आहे का ते आधी बघा.

मृग ७-८ जूनला लागतो. त्याआधी पंधरा दिवस हाताशी ठेवा, म्हणजे वाळवून, परत पाणी सोडून तपासता येईल. दुसऱ्यांदा खडूची रेघ कोरडी राहिली तरच काम झालं म्हणायचं.

तुमच्या दिंडीच्या गाडीचा काही प्रश्न असेल तर कळवा, पुढच्या भागात घेऊ. राम कृष्ण हरी!