कॅमेऱ्याला ठरवू देऊ नका



आज बदलापुरातल्या बऱ्याच घरांत डीएसएलआर कॅमेरा आहे. मुंजीला, लग्नाला, बारवी धरणाकडच्या सहलीला तो कपाटातून बाहेर निघतो आणि फोटो झकास येतात. पण त्याच कॅमेऱ्यावर व्हिडिओ घेतला, की चित्र मध्येच उजळतं, मध्येच काळवंडतं. चेहरा पिवळा होतो, पुन्हा निळसर होतो. मग घरातले म्हणतात, यापेक्षा फोन बरा!

फोटोत कॅमेऱ्याचा निर्णय एका क्षणापुरता असतो. व्हिडिओत तो सेकंदाला 25 चित्रं टिपतो आणि ऑटोवर असला तर उजेड किती, रंग कसा, फोकस कुठे, हे चालू शॉटमध्येच पुनःपुन्हा ठरवत बसतो. त्याची ही चलबिचल आपल्याला पडद्यावर दिसते. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: शॉटआधी आपण ठरवायचं आणि शॉट संपेपर्यंत ते बदलायचं नाही.

हे ठरवण्याची मुभा चित्रपटवाल्यांनाही झगडूनच मिळाली. 2008 साली निकॉनचा डी-90 आला, व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर. पाठोपाठ कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू आला. चित्र देखणं, पण व्हिडिओत उजेडाचा ताबा कॅमेऱ्याकडेच. लोकांनी मागणी लावून धरली, तेव्हा 2009 मध्ये मॅन्युअल एक्स्पोजर मिळालं आणि 2010 मध्ये 25 फ्रेमचा वेग व आवाजाची पातळी हाताने ठेवण्याची सोय झाली.

या 25 चं आपल्याला काय महत्त्व? आपली वीज 50 हर्ट्झची. त्यामुळे जुनी ट्यूबलाइट आणि काही स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर 1/60 ठेवलं तर चित्रावर पट्टे सरकताना दिसू शकतात. 1/50 ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन लुकलुकी मावतात आणि पट्टे जातात. म्हणून मेनूत ‘पाल’ (PAL) ही व्हिडिओ पद्धत निवडा, वेग 25 आणि शटर 1/50. हालचालही त्यात डोळ्यांना सहज वाटते.

आता मे महिन्यातली दुपार घ्या. आयएसओ 100 आणि शटर 1/50 असताना अशा उन्हात अ‍ॅपर्चर एफ-22 पर्यंत बंद करावं लागतं. तिथे चित्र मऊ पडतं आणि मागचं सगळं कुंपण, तारा, टाक्या ठळक दिसतात. पार्श्वभूमी धूसर हवी म्हणून एफ-4 वर यायचं, तर उजेड 32 पट कमी करायला हवा. शटर वाढवलं तर हालचाल तुटक होते. उपाय म्हणजे एनडी फिल्टर. लेन्सला गॉगल घाला, म्हणजे झालं.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको. ऊन, सावली, ट्यूब यांतला जो प्रकाश असेल तो निवडा. व्हिडिओ घेताना कॅमेऱ्याचा आरसा वर उचललेला असतो, त्यामुळे फोटोच्या वेळचा झटपट ऑटोफोकस तेव्हा चालत नाही आणि जुने कॅमेरे फोकस शोधत मागेपुढे होतात. तेव्हा स्क्रीनवर चित्र मोठं करून डोळ्यांवर हाताने फोकस लावा. पिक्चर स्टाइलमध्ये शार्पनेस आणि कॉन्ट्रास्ट कमी करा. फोटोच्या रॉ फाइलसारखी दुरुस्तीची मुभा इथे नसते; करपलेलं आकाश नंतर परत येत नाही.

आवाजाचंही तेच. ऑटोवर असताना बोलणारा थांबला, की कॅमेरा आवाज चढवतो आणि पंख्याची घरघर पुढे येते. पातळी हाताने ठेवा आणि आजीची मुलाखत घेताना कॉलर माइक लावा. हलणारं चित्र माणूस सोसतो, पण न कळणारं बोलणं ऐकत नाही.

एवढ्याशा यंत्रावर चित्रपट होतो का? होतो. 2011 साली आलेला अमोल गुप्ते यांचा ‘स्टॅनली का डब्बा’ कॅननच्या सेव्हन-डीवर चित्रित झाला. छायाचित्रणकार अमोल गोळे. शनिवारच्या कार्यशाळांमध्ये शाळकरी मुलांना घेऊन हे काम चाललं. भल्यामोठ्या कॅमेऱ्यासमोर मुलं बुजली असती. या कॅमेऱ्यासमोर ती वर्गात असतात तशीच राहिली.

तेव्हा नवा कॅमेरा घेण्याआधी पैसे या क्रमाने खर्च करा: कॉलर माइक, मजबूत ट्रायपॉड, एनडी फिल्टर. उद्या घरी गेल्यावर मोडचं चाक ‘एम’वर आणा, शटर 1/50 ठेवा आणि खिडकीशी बसलेल्या माणसाचा एक मिनिटाचा शॉट घ्या. मग तोच शॉट ऑटोवर घ्या. दोन्ही टीव्हीवर लावून घरच्यांना विचारा. माझ्यावर विश्वास ठेवायची गरज उरणार नाही. आता प्रश्न विचारा.