सामान्य ज्ञान आणि अचौर्य अणुव्रत
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवात दोन शब्द बोलण्याची संधी मिळाली, हा मी माझा बहुमान समजतो. मी विद्वान नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन कापडाच्या गादीवर बसलेला एक व्यापारी आहे. ‘सामान्य ज्ञान’ म्हटले की देशांच्या राजधान्या आणि पहिल्या मानकऱ्यांची नावे पाठ करणे, असेच आपण समजतो. माझ्या हातून घडलेल्या एका चुकीने मला या शब्दाचा निराळा अर्थ शिकविला. ती चूक आज आपल्यासमोर सांगतो.

२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापनेचा दिवस. त्या दिवसापासून तयार कपड्यांवरील जीएसटीचे दर बदलले. पूर्वी नगाला १००० रुपयांपर्यंत ५ टक्के व त्यापुढे १२ टक्के कर होता. आता २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के व त्यापुढे १८ टक्के झाला. हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. तरीही माझ्या दुकानातील संगणकात जुनेच दर राहिले. दोन दिवसांनी आईबरोबर आलेली एक शाळकरी मुलगी १८०० रुपयांच्या पोशाखाचे बिल पाहून म्हणाली, “आजोबा, यावर आता पाचच टक्के कर आहे ना?” मी म्हणालो, “संगणक चुकत नाही, बाळ.” तिने कागदावर हिशेब मांडला. २१६ रुपयांऐवजी ९० रुपये हवे होते. मी १२६ रुपये जास्त घेत होतो!

ओळखीच्या ग्राहकांना मी पैसे परत केले. पण सणाच्या गर्दीत वाड्या-वस्त्यांवरून आलेल्या, नाव-गाव ठाऊक नसलेल्या माणसांचे काय? कर म्हणून घेतलेली रक्कम सरकारजमा करावीच लागते, त्यामुळे ती माझ्या खिशात राहिली नाही. परंतु त्यांच्या खिशातून ती गेली, आणि ती माझ्यामुळे गेली.

त्या रात्री तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय काढून बसलो. त्यात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : चोरीस प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमाचे उल्लंघन करणे, मापात कमी-अधिक करणे आणि अस्सल मालात नकली मिसळणे. लहानपणी पाठशाळेत हे पाठ केले होते. यांतील शेवटचे तीन अतिचार टाळायला नुसती सदिच्छा पुरत नाही, ज्ञान लागते, हे मात्र साठी उलटल्यावर कळले.

नकली मालाचेच पाहा. इथे विज्ञान लागते. धाग्याचे टोक जाळले की सुती धागा कागदासारखा जळतो व मऊ राख उरते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, कारण केसांप्रमाणे तेही प्रथिन आहे. पॉलिएस्टर वितळते आणि त्याची कठीण गोळी बनते, कारण ते खनिज तेलापासून तयार होते. कोशातील जिवाच्या हत्येमुळे आपल्यातील अनेक घरांत रेशीम वर्ज्य आहे. विकणाऱ्याला ही पारख नसेल, तर तो ग्राहकाचे पैसेच नव्हे, व्रतही बुडवील.

मापाला गणित लागते. वार म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर. नऊ वारांचे लुगडे सुमारे ८ मीटर २३ सेंटिमीटर भरते. ‘दहा वार द्या’ म्हणणाऱ्या आजीबाईंना दहा वार मोजून दहा मीटरचे पैसे घेतले, तर सुमारे ८६ सेंटिमीटर कापडाचे पैसे जादा घेतले, असे होते.

राज्याच्या नियमाला नागरिकशास्त्र लागते. आपला चंदगड तालुका पूर्वी बेळगाव जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात ‘चंदगड तालुका वगळून’ बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि आपण कोल्हापूर जिल्ह्यात आलो. कायद्यातील त्या दोन-तीन शब्दांचा परिणाम आजही माझ्या खरेदीच्या बिलावर दिसतो. कोल्हापूरहून माल आणला तर केंद्राचा व राज्याचा कर निम्मा-निम्मा लागतो. बेळगावहून आणला तर तो आंतरराज्य व्यवहार होऊन आयजीएसटी लागतो. रस्ता जवळचा, पण हद्द दुसऱ्या राज्याची!

आता संगणकाविषयी. प्रोग्रॅम म्हणजे क्रमवार दिलेल्या आज्ञा. माझ्या संगणकाला सांगून ठेवले होते : किंमत हजाराहून अधिक असेल तर बारा टक्के, नसेल तर पाच. तो इमानेइतबारे तेच करीत होता. वर्तमानपत्र वाचायचे आणि आज्ञा बदलायची, हे काम माझे होते. त्या मुलीने बातमी वाचली होती, टक्केवारी शिकली होती आणि यंत्राला प्रश्न विचारण्याचे धैर्य तिच्याजवळ होते. माझ्याजवळ पदवी होती. पण बातमी एका कप्प्यात, गणित दुसऱ्या कप्प्यात आणि धर्म तिसऱ्या कप्प्यात ठेवला होता.

आपल्या पूर्वसूरींनी असे कप्पे केले नव्हते. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. जैन आचार्यांनी लिहिलेल्या त्या ग्रंथात व्याजाची गणितेही आहेत. व्यवहाराचा हिशेब त्यांना धर्माबाहेरचा वाटला नाही.

म्हणून विश्वस्तांना माझी नम्र विनंती आहे. आपल्या पाठशाळेत रविवारी एक तास अशा ज्ञानासाठी ठेवावा. मुलांसमोर घरातील विजेचे बिल, दुकानाची पावती, औषधाच्या पाकिटावरील मजकूर, ग्रामसभेची सूचना ठेवावी आणि त्यांना प्रश्न विचारू द्यावेत. कापडाचा व हिशेबाचा तास मी स्वतः घेईन. संगणकाच्या तासाला मात्र मी मुलांच्या रांगेत बसेन.

त्या दोन दिवसांत माझ्या दुकानातून कपडे घेतलेले कोणी या सभेत असतील, तर त्यांनी बिल घेऊन अवश्य यावे. बिल हरवले असले तरी यावे. अजाणता घडलेल्या या दोषाबद्दल मी सर्वांची क्षमा मागतो. मिच्छामि दुक्कडम्.



जय जिनेंद्र!